घारपुरेकाकांच्या पिस्तुलाचा खटका

घारपुरेकाका कुणालाही मिठी मारू देत नाहीत. जर्मनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. इथे वाढदिवस असो की निरोपसमारंभ, लोक सरळ गळ्यात पडतात. पण कुणी हात पसरून पुढे आलं की काका दोन पावलं मागे सरकतात, उजवं कोपर कमरेशी घट्ट दाबून धरतात आणि एका डाव्या हाताने अर्धाच नमस्कार करतात. ऑफिसातल्या नव्या मुलींना वाटतं काका फार सोवळे आहेत. आमच्या डॉक्टरीणबाईंना वाटतं त्यांचा खांदा धरला आहे. खरं कारण एवढंच, की रोज सकाळी काकांच्या कमरेला शर्टाच्या आत पिस्तूल असतं, आणि ते काढून ठेवल्यावरही कोपर सवयीने तिथेच राहतं.

घाबरू नका. मी मात्र पहिल्यांदा कळलं तेव्हा चांगलाच घाबरलो होतो. मी र्युसेल्सहाइमला त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो आणि ऑफिसातही त्यांच्याच विभागात, गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. म्हणजे काही झालंच असतं तर पोलिसांनी आधी माझीच बेल वाजवली असती. मग काकांनी मला समोर बसवून समजावलं. हे पिस्तूल दिसायला अस्सल, पण त्यातून गोळी सुटत नाही. नुसता बार होतो आणि धूर निघतो. ते कमरेला लावून बाहेर पडायचं तर इथे एक छोटा परवाना लागतो, आणि तो काकांकडे आहे. पुण्याहून येताना आणलेल्या एलआयसीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात त्यांनी तो जपून ठेवला आहे.

"आल्झो, म्हणजे, तत्त्वतः सांगतो," काका म्हणाले, "मी सशस्त्र आहे. व्यवहारात मी फक्त मोठा आवाज आहे."

'तत्त्वतः' हा काकांचा शब्द. ब्रेक निकामी झाला तरी तो तत्त्वतः चालू असतो आणि आमटीत मीठ विसरलं तरी ती तत्त्वतः आमटीच असते.

आता गंमत अशी की परवाना असला तरी हे पिस्तूल नेता येईल अशी जागा दरवर्षी कमी होत चालली आहे. स्टेशनात नाही, आगगाडीत नाही, आठवडी बाजारात नाही, जत्रेत नाही, फुटबॉलच्या सामन्याला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही नाही, कारण कायद्याने तोही सार्वजनिक कार्यक्रम. काकांना ही सगळी कलमं पाठ आहेत आणि ते ती काटेकोर पाळतात. शेवटी उरला एकच रस्ता: घरापासून माइन नदीच्या काठाने बेकरीपर्यंत आणि परत. जगातली सगळ्यात सुरक्षित बेकरी आमची असावी. तिथल्या बाईंना अजून कल्पना नाही की दर सकाळी पावासाठी येणारा हा सभ्य गृहस्थ तत्त्वतः सशस्त्र आहे.

शिवाय पिस्तूल जुनं. अखंड धातूचं, ठेंगणं, आणि काडतुसं मोजून सहा. त्याच्या वजनाने पँट एका बाजूला उतरते म्हणून काका पट्टाही लावतात आणि वर गॅलिसही. तरीही तोल राहीना, तेव्हा त्यांनी डाव्या खिशात तळघराच्या, सायकलच्या आणि कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा ठेवायला सुरुवात केली. चालताना त्यांचा असा काही आवाज होतो की लपवलेलं हत्यार या कल्पनेला काही अर्थच उरत नाही.

आमच्या ऑफिसातल्या तरुण मंडळींनी एकदा त्यांना नव्या पिस्तुलांचे व्हिडिओ दाखवले. प्लॅस्टिकचा सांगाडा, हलकं वजन, आत दुपटीहून जास्त काडतुसं. तेव्हापासून काकांना एका प्रश्नाने पछाडलं: जुनं, छोटं पिस्तूल आजच्या काळात कमरेला लावण्यात अर्थ आहे का? हा प्रश्न ते कॅन्टीनमध्ये विचारत, जिन्यात विचारत, माझ्या गाडीचे टायर बदलायला मदत करताना विचारत. "तू तुझं मत सांग," म्हणत, आणि मी तोंड उघडलं की, "थांब, मीच सांगतो." मग उत्तर नेहमी एकच. सहा बारांनी जो माणूस पळत नाही तो पंधरा बारांनीही पळणार नाही, कारण तो बहिरा असणार. हे ठरल्यावर ते समाधानाने जात आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा घेऊन येत.

शैलाकाकू या सगळ्यात कधी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या मुळातच कमी बोलतात. संधिवाताने त्यांची बोटं वाकली आहेत, त्यामुळे बरणीची झाकणं उघडायला त्या मला हाक मारतात आणि उघडलेल्या बरणीतला लाडू माझ्या हातावर ठेवतात. त्या एकट्या कधी बाहेर पडत नाहीत. पण रोज सकाळी देवपूजा आटोपली की काकांच्या डाव्या दंडाला धरून बेकरीपर्यंत जातात. या फिरण्यात पाऊस आडवा येत नाही की बर्फ. माझ्या खिडकीतून मी ही वरात रोज पाहायचो: किल्ल्यांचा खुळखुळाट, काकांचं आखडलेलं कोपर आणि दुसऱ्या बाजूला लोकरीच्या टोपीतल्या काकू.

गेल्या वर्षी खंडेनवमीला घोटाळा झाला. काका पूजेत टॉर्क पाना मांडतात, ड्रिल मांडतात, काकूंचं शिवणाचं मशीन मांडतात आणि मधोमध पिस्तूल. खंडेनवमी शस्त्रांची, आणि अख्ख्या इमारतीत शस्त्र म्हणावं असं एवढं एकच. त्यामुळे त्याला हळदकुंकू जरा सढळ हाताने वाहिलं जातं. फुलाने पाणी शिंपडतात, अक्षता टाकतात. हे अनेक वर्षं चाललेलं. त्या वर्षी पूजा उतरवून पाहतात तो पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकेना.

नदीपलीकडच्या गावात हेर क्लिंग, म्हणजे श्रीयुत क्लिंग, नावाचे एक वयस्क गृहस्थ बंदुका दुरुस्त करतात. काकांना एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून शनिवारी मी गाडी काढली. हेर क्लिंगनी पिस्तूल उघडलं आणि भिंग लावलं. मग चिमट्याने एकेक वस्तू पांढऱ्या कागदावर काढायला लागले. पिवळी पूड. लाल पूड. झेंडूची वाळलेली पाकळी. शेवटी नळीतून तांदळाचा एक दाणा. पिवळ्या पुडीचा वास घेऊन त्यांनी विचारलं, ही हळद का? काकांनी मान ताठ ठेवून सांगितलं की हो, सणाची आहे. हेर क्लिंगनी कामाच्या कागदावर बिघाडाचं कारण म्हणून फक्त 'मसाला' असं लिहिलं.

त्यांचं मत स्पष्ट होतं. हत्यार म्हातारं झालंय, आतल्या स्प्रिंगा थकल्यात, काडतुसं ठेवायच्या मॅगझीनचा खटका तर इतका सैल पडलाय की नुसतं बोट लागलं तरी मॅगझीन हातात येतं. नवं घ्या. त्यांनी काउंटरवर तीन नवी पिस्तुलं मांडली. माझा जीव भांड्यात पडला. प्रश्न एकदाचा सुटणार होता.

काकांनी तिन्ही हातात घेतली. वजन पाहिलं नाही, नेम धरला नाही, चाप ओढला नाही. त्यांनी फक्त प्रत्येकाचा मॅगझीनचा खटका दाबून पाहिला, तोही डाव्या हाताच्या करंगळीने. एकही दबला नाही. काकांनी तिन्ही परत ठेवली आणि म्हणाले, जुनंच दुरुस्त करा. मी गाडीत त्यांची यथेच्छ टिंगल केली. करंगळीने पिस्तूल चालवणारा पहिला नेमबाज म्हणून मी त्यांना नाव दिलं. काका हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठवड्याने, तितके दिवस दोघांचं फिरणं बंद राहिल्यावर, पिस्तूल घरी आलं. हेर क्लिंगनी मनापासून काम केलं होतं. सगळं साफ, सगळ्या स्प्रिंगा नव्या, खटका टणक. काकांनी मला वर बोलावून दाखवलं आणि दोनदा 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर काका एकटेच चालले होते. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी वर जाऊन विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, गुडघे दुखताहेत. चौथ्या दिवशी त्यांनी मला लाडवासाठीही हाक मारली नाही. मग शनिवारी काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, हेर क्लिंगकडे जायचंय, जुना खटका परत बसवून घ्यायचाय.

मी चिडलो. तीस वर्षं ब्रेक जुळवण्यात घालवलेल्या माणसाने, चांगलं झालेलं काम पुन्हा बिघडवून मागावं, हे मला पटेना. वाटभर मी त्यांना सुनावत होतो. दुकानासमोर गाडी लावली तेव्हा काका उतरले नाहीत. सीटबेल्ट काढून नुसते बसून राहिले. मग, आयुष्यात पहिल्यांदाच 'तत्त्वतः' न म्हणता, बोलायला लागले.

नऊ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते दोघं सुपरमार्केटमधून सामान घेऊन गाडीकडे येत होते. एक दारुडा आडवा आला. त्याने काकूंची पर्स ओढली. काकूंनी सोडली नाही, तशी त्याने त्यांना ढकललं आणि त्या बर्फावर पडल्या. हे सगळं मिनिटभर चाललं होतं आणि काका दोन हातांच्या अंतरावर पिशव्या धरून उभे होते. त्यांनी पिशव्यासुद्धा खाली ठेवल्या नाहीत. त्यानंतर वर्षभर काकूंनी उंबरा ओलांडला नाही. म्हणून पिस्तूल आलं. पिस्तूल आलं आणि काकू बाहेर पडल्या.

"पण भरलेल्या पिस्तुलाचीही तिला भीती," काका म्हणाले. "माझ्या हातून काही भलतं होईल, मला पकडून नेतील, अशी. मी सकाळी सहा काडतुसं भरून पिस्तूल तिजोरीत ठेवतो आणि आंघोळीला जातो. आंघोळ, पूजा होईपर्यंत तुझी काकू मॅगझीन बाहेर काढते, सहाही काडतुसं काढून घेते आणि मॅगझीन परत जागेवर लावून ठेवते. फिरून आलो की गुपचूप परत भरते, कारण रात्री मी ती मोजून काढून ठेवतो. रोज. तिला वाटतं मला माहीत नाही."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं?

"अरे, सहा काडतुसांचं वजन मला हातात कळतं. दुरुस्तीनंतर पहिल्याच सकाळी पिस्तूल जड लागलं. खटका नवा, तिच्या बोटांना दबलाच नाही. मग ही म्हणाली, गुडघे दुखताहेत."

मी म्हणालो की मग तुम्हीच भरू नका, म्हणजे मिटलं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या लग्नाच्या बारा वर्षांची लाज वाटली. ते म्हणाले, मी न भरलेलं तिला दिसलं तर तिला कळेल की मला सगळं माहीत आहे. मग आपल्या नवऱ्याकडे रिकामं पिस्तूल आहे, हे दोघांनाही उघड माहीत होईल. आत्ता तिचा भरवसा एवढाच, की पिस्तूल भरलेलं आहे असं समजून मी डगमगणार नाही. तो गेला तर ती कशाच्या भरवशावर चालेल?

 तरी मी विचारलंच, "काका, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रिकामं पिस्तूल घेऊन फिरताय. खरंच कुणी आडवा आला तर काय करणार?"

"मी मध्ये उभा राहीन," काका म्हणाले. "त्या दिवशी मला तेवढंसुद्धा जमलं नव्हतं."

माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मीच आधी गाडीतून उतरलो. आत जाऊन हेर क्लिंगना मीच सांगितलं की खटका परत सैल करून हवा आहे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे पिस्तूल नक्की वापरतं कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, यांच्या मिसेस. त्यांची बोटं संधिवाताने वाकली आहेत.

हेर क्लिंगनी काकांकडे पाहिलं. मग खणातून स्प्रिंगांची एक डबी काढली, चष्मा चढवला आणि विचारलं, त्यांच्या बोटात जोर किती आहे?

काकांनी काउंटरवरून हात पुढे केला, आपला अंगठा हेर क्लिंगच्या मनगटावर टेकवला आणि हळूच दाबला.

"इतका," ते म्हणाले. "थंडीत याहून थोडा कमी."