बाकावरची माइक-चाचणी

माइकच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. माझा उभा जन्म माइकसमोर लोकांना हसवण्यात गेला. काही माइक तर माझं भाषण सुरू होताच आपण होऊन बंद पडत. म्हणून लेकीनं तो हिरवा डबा हातात देऊन "बाबा, जमेल ना?" विचारलं, तेव्हा मी नुसताच हसलो.

लेक जंगलात प्राण्यांचे आवाज टिपते. डबा झाडाला बांधून यायचं, महिनाभर तो एकटा ऐकत बसतो. गेल्या खेपेला माइक मेलेला निघाला आणि पोरगी महिनाभराची शांतता घेऊन परतली.

"या वेळी चाचणी झाल्याशिवाय आमचे प्रोजेक्टचे सर डबा जीपमध्ये चढवणार नाहीत. आणि डबा नाही तर मीही नाही," ती म्हणाली. "गजबज असेल तिथे बांध. तोंड लावून हॅलो हॅलो करू नकोस, लांबचे आवाज यायला हवेत. आणि बाबा, स्वतःचं डोकं चालवू नकोस."

ती सामान आणायला गेली आणि मी डोकं चालवलं.

आमच्या आवारात झाडाखाली एक बाक आहे. चहा झाला की आमची ही, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि निवृत्त हेडमास्तर तिथे बसून इमारतीतल्या एकेकाची सालं काढतात. सेक्रेटरीची रोज. त्या बाकापुढे जंगल म्हणजे वाचनालय! मी वरच्या फांदीला डबा बांधला. कोणी पळवू नये म्हणून ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली : 'ध्वनिमुद्रण चालू आहे. हात लावू नये.' आणि घरी येऊन खिडकीत बसलो.

मास्तर आले. चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. डॉक्टरीणबाई येताच त्यांनी ओठांवर बोट ठेवून वर दाखवलं. मग हीही आली. पुढचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिघांनी हातवाऱ्यांनी निंदा सुरू केली. बाईंनी हवेत घागरीएवढं पोट काढलं, म्हणजे सेक्रेटरी आले. मास्तरांनी हवेतलंच काहीतरी उचलून खिशात घातलं, म्हणजे घोटाळा झाला. ही तोंड दाबून हसली. शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकायचं सोडून जांभया देत होतं.

मी धावत खाली गेलो. तोंड उघडणार तोच मास्तरांनी मला फाटकापर्यंत ओढत नेलं. "अहो, बोला की! लेकीचा डबा आहे, प्राण्यांसाठी."

मास्तर कुजबुजले, "ते ठीक. पण सेक्रेटरींनी किती दिवसांसाठी लावायला सांगितलाय?"

मागोमाग हीही आली. "तू तरी बोल गं," मी म्हणालो.

"मी? तिचे सर ऐकणार ते. मुलीची आई अशी, म्हणतील."

तिघंही आपापल्या घरी गेली. मी बाकावर येऊन एकटाच बसलो. काही पुटपुटलो असेन. एकटा माणूस पुटपुटतोच.

संध्याकाळी लेक कानांना हेडफोन लावून ऐकत बसली. ऐकता ऐकता तिचं तोंड उतरत गेलं. एक कान मोकळा करून तिनं सरांना फोन लावला. "सर, काहीच नाही. मी नाही आले तर..." आणि एकदम थांबली. हेडफोनची वायर उपसली. घरभर माझा आवाज घुमला, स्वच्छ, खणखणीत :

"मास्तर घाबरट, ते जाऊ दे. पण ही? घरात माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, झोपेतसुद्धा मला दुरुस्त करते. आणि आज पोरीसाठी बोल म्हटलं तर मौनव्रत!"

दारात ही चहाचा कप घेऊन उभी होती.

"सर, माइक उत्तम आहे," लेक फोनवर म्हणाली.

"कशाचा आवाज आला?" फोनमधून सरांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "एकच प्राणी आहे, सर. नर. वयस्क. संकटग्रस्त."

हिनं कप माझा हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवला आणि लेकीला विचारलं, "जीपमध्ये अजून एकाची जागा होईल का गं?"