किटली डावीकडे होती

जेवणाच्या टेबलाभोवती चार माणसे उभी होती आणि कुणीच बोलत नव्हते. तिघींच्या हातांत ताटल्या होत्या. चौथ्याच्या हातात खडू होता. त्या खडूने टेबलावर नुकतीच वर्तुळे आखली गेली होती आणि प्रत्येक वर्तुळात एकेक वस्तू बसली होती: पोचे पडलेली किटली, इस्त्री, अर्धवट उघडी कात्री, एक लिंबू आणि आईचा चष्मा. खिडकीतून आलेला उजेड त्यांच्यावर असा विसावला होता, की जणू कित्येक शतके तो याच पत्त्याच्या शोधात वणवण करत होता. निदान खडू हातात धरलेल्या चित्रकाराला तसे वाटत होते. तिघींना आपापल्या ताटलीतले गार होत चालले आहे, एवढेच वाटत होते.

"जेवायचं कुठे?" बायकोने शेवटी विचारले. ती दातांची डॉक्टर होती. समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशा क्षणी प्रश्न विचारण्याची तिला व्यवसायामुळेच सवय होती.

"कुठेही. ओट्यापाशी, सोफ्यावर, जमिनीवर. जागेला काय तोटा आहे?"

"टेबल एकच आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

"आणि तो माझा चष्मा आहे," आई म्हणाली. "मी नुसता काढून ठेवला होता."

"तुझा होता, आई. आता तो रचनेचा आहे. चित्र पूर्ण होईपर्यंत यातल्या एकाही वस्तूला कुणी हात लावायचा नाही."

पुन्हा शांतता पसरली. चित्रकाराने तिला संमती समजले. घरातल्या बायका गप्प बसल्या की त्याचा अर्थ लावताना जी चूक तो आयुष्यभर करत आला होता, तीच त्याने पुन्हा केली. फरक इतकाच, की या वेळी ती तैलरंगात होती.

त्याच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे होते. गेली दोन वर्षे त्याच्या हातून एकही चित्र उतरले नव्हते. प्रेरणेच्या शोधात तो डोंगरावर जाऊन आला, समुद्रावर जाऊन आला, एका ओसाड कारखान्यात दिवसभर बसून फक्त सर्दी घेऊन परतला. प्रदर्शन तोंडावर आले होते. बाजूच्या भिंतींचे पुढे बघता येईल, पण मधली भिंत आधी ठरली पाहिजे, असे गॅलरीवाल्या मॅडमनी बजावले होते. मॅडमचा स्वर मऊ होता, शब्द नव्हते. "पुढच्या आठवड्यात मी बघायला येते. काही नसेल तर सांगा, संकोच करू नका. घोडेवाला तयारच आहे."

घोडेवाला म्हणजे त्याचा जुना वर्गमित्र. तो फक्त घोडे काढायचा, ते सगळे उजवीकडेच धावायचे आणि सगळे विकले जायचे. त्या मधल्या भिंतीवर एखादा घोडा धावताना पाहण्यापेक्षा चित्रकला सोडून दिलेली बरी, असे चित्रकाराने मनाशी ठरवले होते. म्हणूनच त्या दिवशी, घरातल्याच टेबलावर सहज पडलेल्या चार वस्तू आणि एक चष्मा पाहून त्याच्या अंगावर शहारा आला, तेव्हा त्याने आधी खडू उचलला.

आता त्याला जे ठाऊक नव्हते ते सांगणे भाग आहे.

आईचा पहिला चहा पहाटे होत असे आणि तो त्याच किटलीत होत असे. दुसऱ्या भांड्यातला चहा म्हणजे चहाची नुसती बातमी, असे तिचे ठाम मत होते. दुसऱ्याच पहाटे तिने घरातल्या सगळ्यांच्या घोरण्याचा अंदाज घेतला, किटली उचलली, चहा केला, किटली धुतली आणि जागेवर आणून ठेवली. किटलीच्या ओल्या बुडाने खडूचे वर्तुळ विरघळले. पुसल्यासारखे दिसते तर नीट पुसावे, म्हणून तिने फडके आणून सगळे टेबल लख्ख केले. मग तिला आठवण झाली, की वर्तुळे असायला हवीत. तिने खडू शोधला आणि एकेक वस्तू बेताने ठेवून सगळी वर्तुळे नव्याने काढली. हे सारे तिने चष्म्याशिवाय केले. चष्म्याला मात्र तिने बोटही लावले नाही. तो रचनेचा आहे असे मुलाने सांगितले होते, आणि मुलाचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. किटलीच्या बाबतीत तिने तो फक्त पहाटेपुरता बाजूला ठेवला होता.

चित्रकाराची बायको दवाखान्यात पांढरा कोट घालून जाई. तो चुरगळलेला असला की पेशंटचा विश्वास उडतो आणि तोंड मिटते. तिने इस्त्री घेतली आणि काम झाल्यावर दिसेल त्या वर्तुळात ठेवली. मुलीला शाळेसाठी पुठ्ठ्याचा पूल करायचा होता. तिने कात्री नेली आणि आणली. मग तिचा घसा दुखू लागला, म्हणून तिच्या आईने लिंबू पिळले आणि त्याच्या जागी फ्रिजमधले दुसरे ठेवले. प्रत्येकीला वाटत होते, की नियम मोडणारी आपण एकटीच. म्हणून जी ती चोरपावलांनी वावरत होती, आणि त्या आठवड्यात ते घर फार शांत, फार समजूतदार वाटत होते.

ईझलसमोर उभ्या राहिलेल्या चित्रकाराला दुसऱ्या दिवशी दिसले, की किटलीची चोच दाराकडे आहे. काल ती खिडकीकडे होती. त्याने डोळे मिटले, उघडले. चोच दाराकडेच. दुसऱ्या कुणाच्याही मनात आले असते, की कुणीतरी किटली हलवली. त्याच्या मनाला हे शिवलेही नाही, कारण हलवायची नाही असे त्याने स्वतः सांगितले होते. राहिली एकच शक्यता. काल तो नुसता बघत होता. आज त्याला दिसू लागले होते. कालची चोच न खोडता त्याने आजची चोच तिच्यावर चढवली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात अडखळला नाही.

"वस्तू स्थिर नसतात," संध्याकाळी सोफ्यावर ताटली सांभाळत त्याने बायकोला सांगितले.

"नसतात?"

"आपण त्यांना स्थिर समजतो. हा आपला आळस. आज सकाळी मी किटलीपाशी गाल नेला. हात नाही लावला. तिच्यातून ऊब येत होती."

बायकोला ठसका लागला. "कसली ऊब?"

"असण्याची."

आई वर्तमानपत्र हातभर लांब धरून बसली होती. त्याच्या आडून ती म्हणाली, "असते रे. सकाळी सकाळी असतेच."

त्याने आईकडे कृतज्ञतेने पाहिले. घरात निदान एका माणसाला कला कळते, याचा त्याला आनंद झाला.

पुढे त्याचा आत्मविश्वास वाढतच गेला. इस्त्रीला एके दिवशी धुतलेल्या कापडाचा वास आला. त्याने तो राखाडीत मिसळला. कात्री मिटलेली दिसली, मग उघडलेली, मग पुन्हा मिटलेली. त्याने ती पंख हलवणाऱ्या पक्ष्यासारखी काढली. चौथ्या दिवशी त्याने जाहीर केले, की लिंबू वाढले आहे.

"बाबा, झाडावरून काढलेलं लिंबू वाढत नाही," मुलीने घोगऱ्या आवाजात सांगितले.

"तुमच्या शाळेत."

त्याच दुपारी त्याने मॅडमना फोन करून मधल्या भिंतीचे माप मागितले. किटली फिरते, लिंबू वाढते, इस्त्री श्वास घेते, हेही ओघात सांगितले.

"घरी सगळे बरे आहेत ना?" मॅडमनी विचारले.

"कधी नव्हे इतके."

ठरल्या दिवशी मॅडम आल्या आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. चित्रकाराची बायको, मुलगी आणि आई भिंतीला टेकून उभ्या होत्या, निकालाच्या दिवशी शाळेत उभे राहतात तशा. चित्रातल्या किटलीला अनेक चोची होत्या आणि त्या एकमेकींत विरघळून घराच्या सगळ्या दिशांना वळल्या होत्या. लिंबे एकामागे एक चंद्रासारखी उजळत मोठी होत गेली होती. इस्त्रीची वायर कुठे गुंडाळलेली, कुठे टेबलाच्या कडेवरून खाली निघालेली. सगळे टेबलच जणू झोपेत कूस बदलत होते.

"फक्त हा चष्मा हललेला नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "सगळं घर चाललंय, आणि हा एकटा बसून बघतोय." त्या एक पाऊल मागे सरल्या. "मधली भिंत तुमची."

चित्रकाराने मान किंचित झुकवली. हा निर्णय इतिहासाने आधीच घेतला होता आणि मॅडमनी तो फक्त वाचून दाखवला, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. "एक लक्षात घ्या, मॅडम. मी रचनेला स्पर्शही केला नाही. कुणीच केला नाही. मी फक्त थांबलो. माणूस पुरेसा थांबला की वस्तू स्वतःहून बोलू लागतात."

"विलक्षण आहे. घोटभर चहा मिळेल का? घसा अगदी कोरडा पडला."

काही माणसांचे हात त्यांच्या विचारांच्या आधी उठतात. आई पुढे झाली, वर्तुळातली किटली सहज उचलली आणि दोन पावले स्वयंपाकघराकडे गेल्यावर थांबली. तिच्या पाठीवर चार जणांची नजर होती.

"आई," चित्रकार म्हणाला, "हे काय केलंस?"

"काय केलं? रोज घेते. आज पाहुणे आहेत म्हणून दिवसाउजेडी घेतली, एवढंच."

"रोज?"

"मग पहाटेचा चहा कशात करू, तुझ्या रंगाच्या डब्यात?" तिने किटली छातीशी धरली. "जागच्या जागी ठेवते की. वर्तुळं पुसली गेली तर परत काढते. आता चष्म्याशिवाय जरा इकडे तिकडे होत असेल. चष्मा तुझ्या त्या रचनेत अडकलाय."

चित्रकाराने आधारासाठी बायकोकडे पाहिले. ती कोटाच्या बाहीवरची कडक घडी बोटाने दाबत होती.

"इस्त्री मी," ती म्हणाली. "लिंबूही मीच बदललं. पण मला वाटलं, तेवढंच हललंय."

"कात्री," मुलगी म्हणाली. "पूल झाला पण, बाबा. छान झालाय."

चित्रकार खुर्चीवर बसला. किटली बोलली नव्हती. लिंबू वाढले नव्हते. असण्याची ऊब म्हणजे आईच्या पहिल्या चहाची ऊब होती, आणि ज्या भिंतीसाठी त्याने टेबल, जेवण आणि आईची नजर ओलीस ठेवली, ती भिंत आता त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे धावत सुटली होती. त्याने मॅडमकडे पाहायचे टाळले.

मॅडम चित्राकडेच पाहत होत्या. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही डोंगर आणि समुद्र काढायला बघत होतात, आणि जमलं नाही. आणि या आठवड्यात समोर जे होतं तेच काढलंत."

"मला ते कळलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणून तर जमलं." त्यांनी पर्स उचलली, मग चहाची आठवण होऊन परत ठेवली. "भिंत तुमचीच राहील. बाजूच्या दोन्ही भिंतींसाठीही अशीच चित्रं करा. पण अशीच हं. नाहीतर तिथे घोडे लावावे लागतील."

चहा झाला. मॅडमनी दोन कप घेतले आणि या किटलीतली चव वेगळीच आहे म्हणाल्या. आईने त्या दिवसापासून त्यांना जाणकार मानले.

दुसऱ्या दिवशी चष्मा आईच्या नाकावर परत गेला आणि टेबलावर उरलेल्या वस्तूंची, नव्या वर्तुळांत, नवी रचना मांडली गेली. या वेळी चित्रकाराने उदार मनाने सांगितले, की ज्याला जे लागेल त्याने ते खुशाल घ्यावे. तिथेच सगळे बिघडले. आता चूक होऊ नये म्हणून जी ती जपू लागली. बायको इस्त्री परत ठेवताना दातात सिमेंट भरताना धरते तसा श्वास धरून ठेवी. मुलगी कात्री कलात्मक कोनात ठेवून दोन पावले मागे सरे आणि डोके तिरके करी. आणि आई, जिला आता सगळे स्वच्छ दिसत होते, ती किटली अशी परत ठेवी की चोच कालच्या रेषेवरून केसभरही ढळत नसे. टेबल मेल्यासारखे निपचित पडले होते. कॅनव्हास पांढरा होता. बाजूच्या भिंतींवरून टापांचा आवाज येऊ लागला होता.

एका सकाळी, बायको दवाखान्यात आणि मुलगी शाळेत गेल्यावर, तो आईसमोर जाऊन बसला. ती वर्तमानपत्र वाचत होती, नेहमीच्या अंतरावर धरून.

"आई, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"पहाटे किटली ठेवताना तेवढा चष्मा काढून ठेवशील?"

आईने वर्तमानपत्र खाली केले आणि चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत तो जन्मल्यापासूनची सगळी वर्षे होती, आणि बहुतेक ती खर्चाच्या बाजूला मांडलेली होती.

"मी तो कायमचा मागत नाहीये," तो घाईने म्हणाला. "टेबलावर नुसता ठेव. मागच्यासारखा. थोडेच दिवस."

ती उठली. तिने चष्मा बोटाने नाकावर घट्ट बसवला, ओट्यावरचे ओले फडके आणले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल एका हाताने पुसून काढले, समोर काय येते आहे याची यत्किंचितही पर्वा न करता. वर्तुळे गेली. इस्त्री भेलकांडून कडेला तिरकी थांबली. कात्री सरकताना उघडली. लिंबू घरंगळत तिच्या दोन पात्यांच्या मधोमध जाऊन विसावले, आणि ओल्या टेबलावर खिडकीचा उजेड असा पसरला, की चित्रकाराच्या अंगावर पुन्हा तोच शहारा आला.

त्याचा हात आपोआप ब्रशकडे गेला.

"आई, थांब जरा," तो म्हणाला. "हे तू रागाने केलंस, की मुद्दाम?"

आईने किटली उचलली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.