तक्रारींचा खण

डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच स्क्रू सापडेल, अशी मिस्त्रींच्या दुकानाची ख्याती होती. ती पसरवली मिस्त्रींनीच. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची अब्रू त्याच्या खणांत असते, हे त्यांचं ठाम मत. बॉबिनचा खण वेगळा, सुयांचा वेगळा, पट्ट्यांचा वेगळा. घरात मात्र बायकोचं राज्य. तिची एकच टोपली, आणि तीत किल्ल्या, गोळ्या, सेफ्टी पिना, विजेचं बिल असं सगळं गुण्यागोविंदानं नांदत असे.

नोकरीसाठी परगावी जाण्याआधी मुलीनं दुकानासाठी ई-मेल सुरू करून दिला. पत्ते तीन: दुरुस्तीचा, तक्रारींचा, आणि 'बाबा' नावाचा, तिच्या स्वतःसाठी.

"म्हणजे पेट्या तीन?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही हो बाबा. पेटी एकच, ही नुसती टोपणनावं. मी तुम्हाला बाबा म्हणते, आत्या दादा म्हणते, गिऱ्हाइकं मिस्त्री म्हणतात. माणूस एकच ना? आता सांगा, सगळ्या नावांची पत्रं एकत्र येऊ देत, की प्रत्येकाचं वेगळं फोल्डर करू?"

"एकत्रच येऊ देत," बायको आतून म्हणाली. "निदान नजरेखालून तरी जातील."

"ही तुझी टोपली नाहीये. वेगळे खण कर गं."

तिनं केले. पुढे तक्रारींच्या खणाला मिस्त्रींनी आपोआप जाणारं एक उत्तरही जोडलं आणि तो खण कायमचा मिटला. आपल्या कामाची तक्रार करणारा अजून जन्माला यायचाय, याची त्यांना खात्री होती.

मुलगी निघाली त्या दिवशी मात्र बिनसलं. पुढे दुकान तिनं चालवावं, ही मिस्त्रींची फार जुनी इच्छा. ती तिला सांगायची तेवढी राहून गेली होती, आणि राग तेवढा आला होता. तिला पोचवायला स्टँडवर न जाता ते एका मशीनमध्ये डोकं घालून बसले. मशीन उत्तम चालत होतं. नंतर तिचा फोन आला की, "घे, तुझ्या लेकीचा आहे," म्हणून तो बायकोच्या हातात.

आणि मग हेच गृहस्थ दिवसातून दहा वेळा 'बाबा'चा खण उघडून बघत. खण रिकामा. लेक आपल्याला विसरली, या विचारानं त्यांचं जेवणावरून मन उडालं. मशीनमध्ये घालायचं तेल टेबलावर सांडू लागलं.

"तिनं पत्र पाठवलंय म्हणते," बायको म्हणाली.

"मग आलं असतं. माझ्या खणांत चूक होत नाही."

शनिवारी दुकान उघडायला गेले, तर पायरीवर बॅग घेऊन मुलगी.

"तू कशी काय आलीस?"

"तुम्हीच बोलावलंत." तिनं फोन पुढे धरला.

'बाबा, माझ्यावर रागावलात का? स्टँडवर का नाही आलात?' असं तिनं लिहिलं होतं. तक्रार होती, म्हणून तक्रारींच्या पत्त्यावर. खाली मिस्त्रींचं उत्तर: 'आपली तक्रार मिळाली. दोष आमचा नसून वापरणाऱ्याचा असावा. तरी शनिवारी वस्तू आणि पावती घेऊन दुकानात यावे.' तिनं पुन्हा लिहिलं, 'बाबा, असं काय बोलता?' तरी तेच. रडत रडत तिसऱ्यांदा लिहिलं, तरी शब्दाचाही फरक नाही.

"पावती नाहीये," मुलगी म्हणाली. "पण वस्तू तुमच्याच दुकानातली आहे."

मिस्त्रींना खाली बघावं लागलं, कारण डोळे भरून आले होते. "दोष आमचाच आहे," ते कसंबसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली, तेव्हा मिस्त्री दुकान बंद करून स्टँडवर गेले आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. त्याआधी त्यांनी तिच्याकडून सगळी फोल्डरं मोडून घेतली होती. आता सगळी पत्रं एकत्र. बायको नुसती टोपली आवरत बसली.

घरी येऊन ते लेकीच्या पत्राची वाट बघत राहिले. पत्र आलं तसं नावगाव न बघता त्यांनी झटकन उत्तर धाडलं: 'बाळा, नीट पोचलीस ना? जेवलीस का? उगाच जागू नकोस. तुझा बाबा.'

शिवणक्लासच्या बाईंचं उत्तर लगेच आलं.

'जेवले. माझ्या मशीनचं काय झालं?'