लाल गाडीचा लंगडा ठेका

धाकट्यानं ठरवलं होतं ते एवढंच, की मागच्या पत्र्याच्या शेडमधली गाडी एकदा, फक्त पाच मिनिटं, सुरू करायची. बॅटरी जोडायची, थोडं पेट्रोल ओतायचं, किल्ली फिरवायची, आवाज झाला की बंद करायची. रविवारी सकाळी चहा आणि अंघोळ यांच्या मधल्या वेळात होण्यासारखं काम. (त्या कामाला पुढे पाच महिने लागले. अंघोळी मधूनमधून झाल्या.)

धाकटा म्हणजे कुणी तरणा माणूस असेल असं समजू नका. त्याला सदुसष्ट पुरी झाली होती आणि जिना चढताना गुडघे त्याच्या आधी बोलायचे. पण थोरला भाऊ आहे तोवर माणूस धाकटाच राहतो. दादा त्याला जन्मभर याच नावानं हाक मारत आला होता. म्हणजे मागच्या वर्षापर्यंत.

मागच्या वर्षी दादाला विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरला, मग चष्मा नाकावर असून शोधू लागला, त्यावर सगळे हसलेसुद्धा. मग एका दुपारी जेवताना त्यानं समोर बसलेल्या धाकट्याकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, "मिस्त्री, तुम्ही राहायला कुठे?"

धाकट्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता, त्यावरून दादानं तसा अंदाज बांधला असावा. धाकटा चाळीस वर्षं आपल्या दुकानात शिलाई मशिनी दुरुस्त करत होता. स्क्रू-ड्रायव्हर खिशात नसला की त्याला उघडं वाटायचं.

"इथंच राहतो, दादा," तो म्हणाला.

"बरं आहे," दादा म्हणाला. "जवळ आहे म्हणजे."

त्या दिवशी धाकट्यानं पानातलं तसंच ठेवलं. बायकोनं ते बघितलं आणि चक्क न कुरकुरता ताट उचललं. यावरून काय ते समजा.

डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. ओळखीच्या वस्तू दाखवा, ओळखीचे आवाज ऐकवा. कधी कधी माणूस त्या वाटेनं थोडा वेळ परत येतो.

ओळखीचा आवाज म्हटल्यावर धाकट्याला दुसरं काही सुचलंच नाही. दादानं चौतीस वर्षं बस चालवली. लग्न केलं नाही, विडी ओढली नाही, एकच चैन केली. कुणाकडून तरी जुनी लाल स्पोर्ट्‌स कार घेतली. बुटकी, दोनच माणसांची, आत बसायचं म्हणजे जमिनीवरच बसल्यासारखं. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या सीटवर धाकटा. दादा गाडी चालवायचा आणि धाकटा दुकानातल्या गमती सांगत राहायचा. गुडघे वाकेनासे झाले तेव्हा दादानं ती शेडमध्ये लावली. त्याला एकोणीस वर्षं झाली. आता तिच्यावर दोन गाद्या, फुटकी बादली आणि रद्दी होती.

दादा अजूनही जेवताना मधेच थांबून तोंडानं गाडीचा आवाज काढायचा. "डुग, डुग, डुग, फुस. डुग, डुग, डुग, फुस." फुस म्हणजे पडलेल्या दातांतून हवा जाते, असं धाकट्याला वाटायचं.

तर बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. गाडीनं खाकरल्यासारखं केलं आणि बॉनेटमधून उंदरांचं एक कुटुंब सामानासकट बाहेर पडलं. इंजिन जाम झालं होतं. ते उघडावं लागणार होतं. धाकट्याला सवय अशी, की एक स्क्रू काढला की शेजारचा सैल वाटतो. आठवड्याभरात गाडी शेडमध्ये कमी आणि घरात जास्त झाली. कार्ब्युरेटर स्वयंपाकघरात, प्लग खिडकीत, आणि इंजिनचं झाकण पलंगाखाली.

"अहो," बायको म्हणाली, "माझ्या पिठाच्या डब्यात स्प्रिंग आहे."

"मोठी की छोटी?"

"का, छोटी असली तर मळून टाकू?"

"नको, नको. तीच शोधत होतो दोन दिवस."

इतकं होऊनही सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण तेवढ्यात जावईबापू आले. ते संगणकावर बसून कसलंसं काम करायचे आणि उरलेल्या वेळात लोक घरच्या घरी गाड्या कशा बनवतात याचे व्हिडिओ बघायचे. त्यांनी शेडमध्ये एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाबा, एवढं करताच आहात तर टर्बो बसवून टाकू."

"ते काय असतं?"

"सायलेन्सरमधून वाया जाणारा धूर असतो ना, त्याच्यावर पंखा फिरतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडी नुसती उडते."

"पण मला तर ती फक्त पाच मिनिटं..."

"पाच मिनिटांत कुठल्या कुठे जाल!"

मुलीच्या नवऱ्याला नाही म्हणायला छाती लागते. धाकट्याच्या छातीत ती नव्हती. पुढच्या आठवड्यात जावईबापूंनी एका भंगार व्हॅनमधून काढलेला टर्बो टॉवेलात गुंडाळून आणला, दवाखान्यातून तान्हं बाळ घरी आणतात तसा अलगद. तो ठेवायला बॉनेटखाली जागा नव्हती, म्हणून वायपरची मोटर काढली. हवेच्या पाइपसाठी घरातल्या व्हॅक्युम क्लीनरची नळी कापली. (बायकोला ते तीन आठवडे कळलं नाही. कळल्यावर पुढचे तीन आठवडे धाकट्याला दुसरं काही कळलं नाही.)

"टर्बोला तेल मात्र चांगलं पाहिजे हं, बाबा," जावईबापू म्हणाले. "तो खूप जोरात फिरतो. त्याला वेगळी डबी देऊ. तेल स्वच्छ घाला."

आता स्वच्छ तेलातलं धाकट्याला कुणी शिकवायचं? शिलाई मशीनच्या तेलाइतकं स्वच्छ तेल जगात नाही. पांढऱ्या कापडावर सांडलं तरी डाग शोधावा लागतो. चाळीस वर्षांत त्या तेलानं त्याला दगा दिला नव्हता. त्यानं तेच डबीत भरलं, काठोकाठ.

दुसरं एक त्यानं केलं. चौथा सिलिंडर आळशी होता, तीन ठोके धड पडत आणि चौथा हुकत असणार, हे त्याला व्हॉल्व्ह बघताच कळलं. शिलाई मशीनचा टाका हुकला तर धाकट्याला झोप लागायची नाही. त्यानं तो व्हॉल्व्ह घासला, बसवला, पुन्हा घासला. बारा दिवस एवढंच काम. अशा कामात माणूस आपण ते कशासाठी करतोय हे विसरतो. विसरायचा मान त्या घरात फक्त दादाला होता असं नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी गाडी शेडबाहेर ढकलली. बायकोनं दादाला इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून अंगणात खुर्चीवर आणून बसवलं. स्वतः त्याच्या मागे उभी राहिली. जावईबापू बॉनेटशी होते. धाकटा कण्हत, कुंथत गाडीत उतरला आणि किल्लीवर हात ठेवून दादाकडे बघत राहिला. एकदा, फक्त एकदा त्यानं 'धाकट्या' म्हणावं. मग गाडीचं काहीही होवो.

गाडी दुसऱ्या फटक्यात सुरू झाली. आणि काय चालली! एकसारखी, मऊ, सरळ शिवण घालणाऱ्या मशीनसारखी. कुठे अडखळणं नाही, कुठे खोकणं नाही. धाकट्याचे डोळे भरून आले.

दादा मान तिरकी करून ऐकत होता. त्याचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. एक, दोन, तीन, आणि मग ते बोट हवेतच थांबायचं, कशाची तरी वाट बघायचं. ते काही यायचं नाही. पुन्हा एक, दोन, तीन.

शेवटी त्यानं बोट खाली ठेवलं आणि मागे वळून विचारलं, "कुणाची गाडी हो ही?"

"तुमचीच, भाऊजी."

"छे," दादा म्हणाला. "माझी लंगडते."

धाकट्याला गाडीत बसल्या बसल्या सगळं उलगडलं. फुस दातांतली नव्हती, गाडीची होती; शेजारी बसून बडबडताना त्याला ती कधी ऐकूच आली नव्हती. बारा दिवस घासून घासून त्यानं जे काढून टाकलं, तीच दादाची खूण होती. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यानं जे करू नये ते केलं. आवाज कमी पडत असेल अशी स्वतःची समजूत घालून त्यानं अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

टर्बोनं शिट्टी मारली. व्हॅक्युम क्लीनरची नळी बंदुकीच्या गोळीसारखी उडाली आणि जावईबापू मेंदीच्या कुंपणापलीकडे दिसेनासे झाले. पाण्यासारखं पातळ तेल जिथून जायला नको तिथून इंजिनात घुसलं. सायलेन्सरमधून असा पांढराशुभ्र धूर निघाला की गाडी गेली, शेड गेली, अंगण गेलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई "आग! आग!" ओरडल्या आणि नुसतं ओरडून थांबल्या नाहीत. त्यांनी बादलीभर पाणी नेम धरून ओतलं. ते सगळं धाकट्याच्या डोक्यावर पडलं. गाडीवर थेंब नाही.

आणि त्या धुरातून एक खणखणीत आवाज आला. कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता असा.

"घाबरू नका! ढकलाढकली करू नका! पुढच्या दारानं एकेक उतरा!"

दादा खुर्चीतून उठला होता. त्यानं धाकट्याच्या बायकोला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं, कुंपणातून जावईबापूंना उपसलं, मग परत येऊन गाडीतून निथळत असलेल्या धाकट्याला ओढून बाहेर काढलं. गुडघ्यांचं त्याला आठवलं नसावं. रस्त्यावर सगळ्यांना ओळीत उभं करून त्यानं बोटानं माणसं मोजली. पुन्हा मोजली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"एक कमी आहे," तो म्हणाला. "धाकटा कुठाय? माझ्या शेजारी बसला होता!"

आणि तो परत धुरात शिरला.

धाकट्यानं धावत जाऊन त्याला मागून मिठी घातली. "दादा, मी इथं आहे. हा काय मी!"

"सोडा हो, मिस्त्री! माझा भाऊ राहिलाय आत!"

"मीच आहे, दादा."

दादानं त्याच्याकडे वळून बघितलं. भिजलेले केस, काळं तोंड, अंगाला तेलाचा वास. नीट बघितलं. मग काकुळतीनं म्हणाला, "तुम्ही नाही हो."

बायको पुढे आली. तिनं पदरानं डोळे पुसले, ते धुरानं चुरचुरत होते असं समजू. "भाऊजी," ती म्हणाली, "ते गाडीत नव्हतेच. सकाळीच दुकानात गेलेत. येतीलच आता."

"नक्की?"

"माझ्यासमोर गेले."

दादाचा जीव भांड्यात पडला. त्याला आता पाय आठवले, तो फाटकाजवळच्या पायरीवर मटकन बसला आणि शेजारची जागा थोपटून म्हणाला, "बसा, मिस्त्री. थकलात."

धाकटा बसला. धूर हळूहळू विरळ होत होता. जावईबापू कपड्यांतली मेंदी वेचत होते. दोघे भाऊ रस्त्याकडे बघत धाकट्याची वाट बघत राहिले.

"चांगला आहे हो माझा भाऊ," दादा म्हणाला. "शिलाई मशिनी दुरुस्त करतो. बोलतो फार, पण सोबतीला चांगला."

"हो का," धाकटा म्हणाला.

दादानं मागे वळून गाडीकडे एकदा बघितलं, मग त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "एक करा, मिस्त्री. तो यायच्या आत तुम्ही ही गाडी घेऊन निघा. फार भिडस्त आहे तो. हे असलं काम बघूनसुद्धा 'छान झालंय' म्हणेल, आणि मग त्याच्या शब्दाखातर मला ही ठेवून घ्यावी लागेल."