बी.डी. लोडचा बंदोबस्त

स्वस्ति श्री. शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, मौजे बोईसर येथील रंगाचे कारखान्यात जो रणप्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा लिहितों. घोड्यांच्या लढाया लिहिणारे पोत्याने आहेत. संगणकाच्या लढाईस कोणी कुत्रे विचारीत नाही, सबब हा उपद्व्याप.

कारखान्याचे मागील शेडीत सर्व्हर तख्तनशीन होता आणि टपाल, छपाई व गोदामाचा हिशेब ही तीन ठाणी त्याचे अमलाखाली होती. पुढील कचेरीत राजश्री कमलाकांत, संगणक अधिकारी, वस्ती सफाळे, हुद्दा हंगामी. त्यांणी निगराणीचा एक प्रोग्राम पैदा केला. तो प्रोग्राम म्हणजे पक्का जासूद. घडोघडी तारेवरून ठाण्यांस पुसे की आहेस काय, आणि ठाणे म्हणे आहे, मग पडद्यावर हिरवा दिवा लागे. आणि जबाब न आला तर तांबडा दिवा लागून भोंगा ऐसा बोंबले की कचेरीतील चहा बशीत सांडे. मालक शेठजींचा हुकूम सुटला की आम्ही जातीने येऊन पाहू. प्रोग्राम भरवशाचा निघाला तर कमलाकांत नोकरीत कायम, न निघाला तर प्रोग्रामासहित बडतर्फ. इकडे त्यांचे कुटुंब दमयंतीबाई यांणी कायम जाहल्याचे पेढे आळीत वाटूनही टाकिले होते. आता काय बोलावे!

आणि मग रोज ऐन दुपारी तिन्ही ठाणी एकदम पडू लागली. भोंगा जाहला की कमलाकांत व मारुती वायरमन, पक्कड उपसून, शेडीवर चालून जात. तो तेथे सर्व्हर खुशाल घुरघुरत असे आणि छपाई चालू असे. मुडदा उठून बसला म्हणावे तर तो मेलाच नव्हता! सायंकाळी दिवे आपसूक हिरवे होत. मग सर्व्हरास पंखा लाविला, नारळ फोडिला, लिंबू-मिरची बांधिली, म्यानेजरसाहेबांचे फर्मानाने सर्व यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली. फायदा कवडीचा नाही.

शेठजींचे स्वारीचे दिवशीही भोंगा वाजला. या खेपेस कमलाकांत शेडीवर चालून गेले नाहीत. यंत्रे सोडून ते कचेरीतून निघालेल्या तारेमागे चालू लागले. ही काळी तार मारुतीने अंगणात दोन बांबूंवरून ताणून शेडीत नेली होती. मान वर करितात तो काय, तारेवर बोंबील! जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत, आणि वर कावळ्यांची फौज. ओझ्याने तार लोंबे, शेडीकडील तिचे टोक सुटे, आणि सायंकाळी बोंबील उतरले की ते पुन्हा जागी टेके. ठाणी जिवंतच होती. जासुदाचाच कान तुटत होता. वासावरून कळावे, तर रंगाच्या कारखान्यात बोंबलाचा वास कोणास येणार?

बोंबील भागीबाईंचे, राहणार नवापूर, कारखान्यात सोळा वर्षे झाडलोट, हुद्दा हंगामी. घरी मांजरांचा उपद्रव, सबब सकाळी बंदरावर घेतलेली मासळी त्या दुपारी झाडलोट उरकून येथेच सुकवीत. कमलाकांतांनी जाब पुसता बाई उलट चढल्या, "दोन बांबू आनि वर दोर, मंग ही बोंबील सुकवायची वलांडी नाय तं काय हाय? आमी तं म्हटलं, कंपनीला आमची दया आली!"

कमलाकांत कपाळ बडवून घेणार, इतक्यात फाटकाशी शेठजींची मोटार वाजली. शेठजी कांदासुद्धा वर्ज्य केलेले. आवारात बोंबील कळता तर भागीबाई त्याच पावली घरी जाती. न सांगावे तर कमलाकांतांची नोकरी जाते. बाईंचा तोरा उतरला, हात जोडून त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, माजं नाव नको घेऊ." मारुती बोंबील उतरवू लागला.

शेठजी कचेरीत आले तो पडदा तांबडालाल. कारण पुसले. कमलाकांतांचे तोंडून "बो" निघाला आणि दाराशी उभ्या भागीबाई दिसल्या; मग त्यांणी शब्द फिरवून अर्ज केला की, बी.डी. लोड. गोरे लोक बोंबलास बॉम्बे डक म्हणतात, त्याची ही आद्याक्षरे. शेठजींस ओ की ठो कळले नाही, परंतु चारचौघांत विचारणार कोण? ते गंभीर होऊन वदले, "हां हां, बी.डी. लोड तो होगा ही. समुद्र पास में है." इतक्यात मारुतीने टोक घट्ट बसविले आणि तिन्ही दिवे हिरवे जाहले.

मग शेठजींनी फर्माविले की, प्रोग्रामाने खोट पकडिली, सबब कमलाकांत आजपासून कायम, बी.डी. लोडकरिता लोखंडी खांबांवर स्वतंत्र लाइन टाकावी. आणि तिजवर नजर ठेवण्यास जाणता माणूस नेमावा. कमलाकांतांनी अर्ज केला की या बाईंएवढे लोडातले कोणास कळत नाही. हुकूम जाहला, तीसही कायम करा.

खांब उभे राहिले, त्यावर पाटी लागली, "बी.डी. लोड लाइन. हात लावू नये." भागीबाई पाटीकडे पाहत राहिल्या, पदराने डोळे पुसले, आणि मग एकाएकी घाबऱ्या होऊन पुसत्या जाहल्या, "भाऊ, कायम म्हंजे पावसातबी? पावसात बोंबील कुटं सुकतात?"

कमलाकांत म्हणाले, "पावसात लोड शून्य. रोज तेवढंच सांगायचं."

त्याप्रमाणे आषाढात भागीबाई रोज छत्री घेऊन रिकामी लाइन पाहून येतात आणि लोड शून्य ऐसे कळवितात. शेठजी बहुत खूश आहेत. फत्ते जाहली ती येणेप्रमाणे. लेखकास पावशेर सुके बोंबील पोचले. लेख पुरा.