बाविस्कर सरांचा घसा

सकाळी साडेसहाला योगेंद्र बाविस्करने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चहा मागितला, आणि आवाजच आला नाही. ओठ हलले, मानही हलली. पण घशातून सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसं नुसतं फुस्स झालं. समीक्षाची दाराकडे पाठ होती. काहीच ऐकू न आल्यामुळे तिने चहा टाकला नाही. पाच मिनिटांनी वळून पाहते तर नवरा ओट्याला टेकून हातांनी कपबशीच्या खुणा करतोय.

"काय झालं? माझ्याशी बोलायचं नाहीये का?"

योगेंद्रने घशाकडे बोट दाखवलं.

"कालच्या कारल्यावरून रुसलात?"

त्याने जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा तोंड उघडलं. फुस्स.

"अगं बाई, आवाज बसला!" समीक्षा म्हणाली. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावरून एक हसू झरकन सरकून गेलं. पण ते तिने पुढे कधीच कबूल केलं नाही.

आवाज बसणार नाही तर काय होणार? राज्याच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये जळगावचा संघ उतरला त्याला दोन वर्षं झाली होती. संघाचं नाव तापी टायगर्स. पण मालक रतिलालशेठ यांची डाळमिल असल्यामुळे खेळाडूंच्या छातीवर 'रतिलाल तूरडाळ' हे शब्द वाघापेक्षा मोठे होते. पहिल्या वर्षी संघ शेवटून दुसरा आला. म्हणून शेठनी जुना कोच काढला आणि डिसेंबरात योगेंद्रला आणलं. त्याच्या हाताखाली संघ सलग सहा सामने हरला. एका स्थानिक पेपरने 'तूरडाळ शिजेना' असा मथळा दिला, तो शेठनी कापून ऑफिसात योगेंद्रच्या खुर्चीसमोर चिकटवला.

योगेंद्र कष्टाळू होता, अभ्यासू होता. फक्त तो बोलायचा. सामना सुरू झाला की रेषेबाहेर उभा राहून चाळीस मिनिटं एकसारखा ओरडायचा. "लोटन, डावीकडे! डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे! कुंदन, हात वर, मान खाली, बॉलवर नजर, माझ्याकडे बघ!" बॉलवर नजर ठेवून सरांकडे कसं बघायचं, हे कॅप्टन कुंदनला अखेरपर्यंत उमगलं नव्हतं. साठ सेकंदांच्या टाइमआउटमध्ये योगेंद्र सतरा मुद्दे सांगायचा. अकराव्या मुद्द्याला शिट्टी वाजायची.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि तीन आठवडे संपूर्ण मौन सांगितलं. "कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

"एक शब्दही नाही?" समीक्षाने विचारलं.

"एकही नाही."

"घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा."

समीक्षा कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करायची. ती डॉक्टरांना दोनदा धन्यवाद म्हणाली.

दुसऱ्या दिवशी योगेंद्र पाटी आणि खडू घेऊन मैदानावर गेला. पाटी वाचून दाखवायचं काम निंबा नानांकडे आलं. नाना म्हणजे संघाचे जुने मदतनीस. बॉलमध्ये हवा भरण्यापासून पायाला पट्ट्या बांधण्यापर्यंत सगळं तेच करत. त्यांचा चष्मा मात्र जुन्या नंबरचा होता. प्रत्येकाने आपापली जागा अडवून बचाव करावा म्हणून योगेंद्रने पाटीवर लिहिलं, 'झोन लावा.' नानांनी खणखणीत आवाजात वाचलं, "फोन लावा!" बाराही खेळाडू आज्ञाधारकपणे बॅगांकडे धावले. लोटनने तर धरणगावजवळच्या आपल्या गावी आईला फोन लावलाही. "सरनी सांगं, म्हणीसन लावा," असं तो तिला सांगत होता.

तेव्हापासून योगेंद्र मोठ्या अक्षरांत आणि कमी लिहू लागला. सातव्या सामन्यात पहिला टाइमआउट झाला, तेव्हा तो सतरा मुद्द्यांपैकी पहिलाच लिहीत होता. खडू मोडला. नवा शोधेपर्यंत चाळीस सेकंद गेले. अखेर पाटीवर तीनच शब्द उमटले: 'बॉल लोटनला द्या.' उरलेल्या वेळात पोरं आपसांतच बोलली. कुंदन म्हणाला, मी उजवीकडून जातो. लोटन म्हणाला, मी रिंगखाली उभा राहतो, कोणी हलवलं तरी हलत नाही. साडेसहा फुटी लोटनला कोण हलवणार? तो सामना ते तीनच गुणांनी हरले. त्यानंतरचे तीन सामने जिंकले.

इकडे योगेंद्रला एका नव्याच गोष्टीचा शोध लागला. माणूस मुका झाला की लोक त्याला बहिराही धरतात. वॉचमन त्याला खुणांनी गुड मॉर्निंग करू लागला. रतिलालशेठ तर कानाशी तोंड आणून ओरडायचे, "कसं वाटतंय आताऽऽ?" आणि मग त्याच्यासमोरच मॅनेजरला हळू आवाजात म्हणायचे, "संघ खाली गेला तर बंदच करून टाकू. नाहीतरी या मास्तरला काय जमतंय?"

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. सरावाच्या सुट्टीत तो बाकावर बसला होता. दोन हातांवर कुंदन आणि लोटन पाणी पीत होते.

"सर बोलत नाहीत तर किती बरं वाटतं ना?" कुंदन म्हणाला.

लोटनने बाटलीचं झाकण लावलं. "सर माणूस चांगला शे रे. पन ते वरडले का मना डोकाना दिवाच बंद होस. पाय कोठे टाकू तेच समजत नही. मंग ते आखो वरडतंस."

योगेंद्र बुटाच्या नाड्या बांधू लागला. त्या आधीच बांधलेल्या होत्या. त्याने सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

एकविसाव्या दिवशी दाराच्या चौकटीवर करंगळी आपटली आणि त्याच्या तोंडून "आई गं!" असा स्वच्छ, मोकळा आवाज बाहेर पडला. समीक्षा धावत आली. डॉक्टरांनी घसा पाहून सांगितलं, "झकास. आता बोला."

रिक्षात बसल्यावर योगेंद्र म्हणाला, "मी नाही सांगणार."

"कोणाला?"

"संघाला. तीन सामने जिंकलेत, समीक्षा. मी तोंड उघडलं आणि परत हरायला लागले तर? पंधरा माणसांच्या नोकऱ्या आहेत."

"अहो, खोटं किती दिवस बोलणार?"

"खोटं कुठे? मी तर बोलतच नाहीये."

समीक्षा यावर काही म्हणणार तोवर रिक्षा घराशी आली होती, आणि योगेंद्र तीन आठवड्यांचं साचलेलं बोलू लागला होता.

तिथून प्रकरण वाढत गेलं. सकाळी आठपासून योगेंद्र मुका. संध्याकाळी सहाला घराची कडी लावली की तो चपला काढता काढता सुरू व्हायचा. बचाव, चढाई, लोटनचा गुडघा, नाशिकच्या संघाची चाल; वाटीत वरण घेऊन त्यात मिरचीने मैदान आखायचा. समीक्षा दिवसभर ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसायची आणि संध्याकाळी या पुराखाली. "भाजी कशी झाली?" एवढं जरी तिने विचारलं तरी उत्तर सांगलीच्या सेंटर खेळाडूपर्यंत जायचं.

"तिकडे संघ जिंकतोय," एकदा ती म्हणाली, "आणि इकडे मी हरतेय."

"बरोबर. म्हणजे कसं, की आपला बचाव..."

तिने कपाळाला हात लावला.

बाहेर वेगळंच चाललं होतं. तीन आठवडे उलटले तरी सर बोलत नाहीत म्हटल्यावर रतिलालशेठनी स्वतःच निष्कर्ष काढला की, सरांनी संघासाठी मौनव्रत धरलंय. त्यांनी तसा भला मोठा फ्लेक्स लावला. त्यात योगेंद्रचा डोळे मिटलेला फोटो होता. तो खरं तर शिंकताना निघाला होता. एका शाळेने 'मौनाचे सामर्थ्य' या विषयावर त्याला व्याख्यानाला बोलावलं. व्याख्याता बोलणार नाही, हे संयोजकांच्या ध्यानात सत्कारानंतर आलं. योगेंद्र पाऊण तास व्यासपीठावर शांत बसला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक म्हणाले, आजवरच्या व्याख्यानांत हे सर्वांत जास्त आवडलं.

पुढच्या तीन सामन्यांत संघाने एक जिंकला, दोन अगदी थोडक्यात गमावले. मार्चमधल्या शेवटच्या रविवारी चित्र असं होतं की तळाचे दोन संघ लीगबाहेर जाणार. एक ठरलेला, आणि दुसरा धुळे किंवा जळगाव. दोघांचे गुण सारखे. सामना त्याच दोघांत, धुळ्यात, दुपारी दोनला. जो हरेल तो घरी.

समीक्षा गाडी घेऊन सामना बघायला आली. सामना स्वतः पाहिला की संध्याकाळी घरी तो पुन्हा ऐकावा लागणार नाही, असा तिचा हिशोब होता.

सामना घासून झाला. चार सेकंद उरले तेव्हा धुळे एकाहत्तर, जळगाव सत्तर. रिंगखाली लोटनला धुळ्याच्या दोघांनी धरून खाली पाडलं. पंचांनी शिट्टी वाजवली: दोन फ्री थ्रो. जळगावच्या बाकावर आनंद पसरला आणि लगेच मावळला, कारण फ्री थ्रो लोटनने मारायचे होते. त्या हंगामात त्याने मारलेल्या एकतीसपैकी पाचच आत गेले होते. योगेंद्रने टाइमआउट मागितला.

पोरं भोवती जमली. योगेंद्रने पाटी घेतली, खडू टेकवला.

"सर, पाटी ऱ्हाऊ द्या," लोटन म्हणाला. "तोंडघाई बोला."

योगेंद्रने घशाकडे बोट दाखवलं.

"सर, आम्हाला महिन्यापासून माहीत आहे," कुंदन म्हणाला. "मॅडमनी फोन केला होता."

"काय?" योगेंद्र म्हणाला. दोन महिन्यांत संघाने ऐकलेला तो सरांचा पहिला शब्द. निंबा नानांच्या हातातली पाण्याची बाटली निसटली.

"मॅडम म्हणाल्या, तुमचे सर घरी चार-चार तास बोलतात, त्यातलं थोडं तुमच्याकडे घ्या. आम्ही हात जोडले. म्हटलं, मॅडम, सीझन संपेपर्यंत तेवढं तुम्हीच सांभाळा."

"बठ्ठास्नी हात जोडात," लोटनने दुजोरा दिला.

योगेंद्रने प्रेक्षकांत पाहिलं. समीक्षा पर्समध्ये काहीतरी अतिशय बारकाईने शोधत होती. त्याला राग यायला हवा होता. पण टाइमआउटचे चाळीसच सेकंद उरले होते, आणि समोर लोटन दोन्ही तळवे चड्डीला पुसत उभा होता.

"सर, आज सांगा काहीतरी," कुंदन म्हणाला. "आज पाहिजे."

कोपर आत. गुडघे सैल. श्वास सोडून फेक. मनगट वळव. रिंगच्या मागच्या कडेकडे बघ. सतराच्या सतरा मुद्दे घशाशी येऊन रांगेत उभे राहिले. योगेंद्रने लोटनच्या हातांकडे पाहिलं. तो अजून तळवे पुसतच होता. तो आयुष्यात पहिल्यांदा मुद्दे गिळून हळूच म्हणाला,

"लोटन, तुला काय वाटतं? कसा मारशील?"

लोटन गोंधळला. हे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. मग तो खाली बघत म्हणाला, "सर, वरतीन माले जमत नही. हात थरथरस. खालतीन टाकू का, दोन्ही हातघाई? घर माळावर पेंढ्या टाकस ना, तश्या. एक बी पेंढी चुकत नही मनी."

दुसरा कुठला दिवस असता तर योगेंद्रने या विषयावर अर्धा तास घेतला असता. "नियमात बसतं," तो म्हणाला. "टाक."

लोटन रेषेवर गेला, पाय फाकवले, बॉल दोन्ही हातांनी गुडघ्यांमध्ये धरला आणि झुलवला. सगळं धुळं हसलं. "अरे, हाऊ बॉल टाकी राहिना का पानी शेंदी राहिना?" कोणीतरी ओरडलं. बॉल सावकाश वर गेला, रिंगच्या वर क्षणभर विसावल्यासारखा झाला आणि अलगद आत पडला. एकाहत्तर-एकाहत्तर. हसणं थांबलं. दुसराही तसाच पडला, जाळीला फारसा न शिवता. धुळ्याने मध्यरेषेवरून फेकलेला शेवटचा बॉल फळ्याच्या वरून गेला.

पोरांनी आधी लोटनला उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला जाईना, म्हणून सरांना उचललं. रतिलालशेठ गर्दीतून वाट काढत आले, त्यांचे डोळे भरून आले होते. "व्रत फळलं!" ते योगेंद्रच्या कानात ओरडले. "पुढच्या सीझनलाही तुम्हीच! फक्त मौन तेवढं मोडू नका, मास्तर!" योगेंद्रने काही सांगायला तोंड उघडलं, आणि सवयीने मिटलं.

परतीला तो समीक्षाच्या गाडीतून निघाला. धुळं मागे पडलं. दोन्हीकडे कापूस वेचून झालेली शेतं होती. तो काहीच बोलेना. समीक्षाने बराच वेळ वाट पाहिली.

"रागावलात?" पारोळा आल्यावर तिने विचारलं.

"नाही."

"मग बोला की. आता तर लपवायचंही काही नाही."

"सगळे मला महिनाभर झेलत होते," योगेंद्र म्हणाला. "तू सगळ्यात जास्त." मग तिच्याकडे वळून त्याने विचारलं, "तुझं काय चाललंय, ग्रंथालयात?"

समीक्षाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. गाडी थोडी डगमगली. "का? कशाला?"

"सहज. ऐकायचंय."

"खरंच?"

"खरंच."

"मग पहिल्यापासून सांगावं लागेल," ती म्हणाली. "डिसेंबरात आमच्याकडे त्या नव्या दीपमाला मॅडम आल्या ना, तिथून." आणि तिने सुरुवात केली. कपाटाची किल्ली, हरवलेला शब्दकोश, दीपमाला मॅडमचा डबा, प्राचार्यांची भेट. एरंडोल कधी गेलं, ते दोघांनाही कळलं नाही. योगेंद्र मध्ये फक्त "मग?" म्हणत होता, आणि प्रत्येक "मग?"ला तिचा आवाज चढत होता.

जळगाव आलं. कॉलनी आली. तिने दारात गाडी उभी करून इंजिन बंद केलं. योगेंद्रने पट्टा सोडला आणि दाराच्या कडीला हात घातला.

"थांबा," समीक्षा म्हणाली. "अजून जानेवारीच चालू आहे."