लाल फुलीची गल्ली

"आजपासून डोकं चालवायचं नाही, फक्त गाडी चालवायची!" मॅनेजरसाहेबांनी टेबलावर थाप मारली आणि पार्सल कंपनीच्या गोदामात एकच जल्लोष झाला. नवं सॉफ्टवेअर आलं होतं. कुठलं पार्सल आधी, कुठलं नंतर, कुठल्या रस्त्यानं, सगळं तेच सांगणार. आणि ते शिकलं कुणाकडून? कंपनीतल्या सगळ्यात वेगवान ड्रायव्हरकडून, म्हणजे सुसाटकडून! महिनाभर त्यानं सुसाटच्या गाडीचे सगळे रस्ते पाठ केले होते. "गुरुजी, गुरुजी!" करत ड्रायव्हरांनी त्याला खांद्यावर उचललं. गडी फुलून गेला.

गाड्या निघाल्या त्या वाऱ्यासारख्या. दिवस मावळायच्या आत गोदाम रिकामं! साहेब भिंतीवरच्या स्क्रीनवरल्या नकाशासमोर मॅच बघावी तसे टाळ्या पिटत होते. आठवडाभर नुसती धमाल चालली. मग फोन वाजला.

"तुमच्या गाड्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतात आणि भूत बघितल्यासारख्या वळतात! माझं पार्सल कुठाय?" एक बाई कडाडल्या.

साहेबांनी नकाशा पाहिला. खरंच की! त्या गल्लीवर सॉफ्टवेअरनं लाल फुली मारली होती आणि झाडून सगळ्या गाड्या तिला लांबलचक वळसा घालत होत्या.

"गुरुजी, इकडे या. इथे रस्ता खचलाय का हो?"

सुसाट नकाशाकडे बघायचं टाळू लागला. त्या गल्लीत त्याच्या सासूबाई राहत. गाडी दिसली की त्या हात करायच्या, "जावईबापू, आलाच आहात तर एवढं कपाट सरकवा." मागच्या वेळी ते कपाट चारही भिंतींना लागून पुन्हा होतं तिथेच आलं होतं. तेव्हापासून सुसाट त्या गल्लीची पार्सलं गुपचूप दुसऱ्याच्या गाडीत ढकलायचा आणि बायकोला सांगायचा, "ती गल्ली माझ्याकडे नाही गं." हे तिला कळलं असतं तर काही खैर नव्हती.

"कुत्रं आहे साहेब. फार चावरं."

"कुत्रंसुद्धा ओळखलं? काय डोकं आहे सॉफ्टवेअरला! चल, मला बघायचंच आहे!" साहेब तसंच परत आलेलं बाईंचं पार्सल मांडीवर घेऊन गाडीत बसलेसुद्धा.

दार उघडलं. "अगंबाई, जावईबापू!"

"जावई?" साहेबांनी सुसाटकडे वळून बघितलं. "आणि कुत्रं?"

"कसलं कुत्रं? आमच्या गल्लीत मांजरसुद्धा नाही."

साहेबांना सगळा उलगडा झाला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुसाटला झालं. सासूबाईंनी तोवर पार्सल फोडलंही. आत चार चाकं होती.

"तुमच्यासाठीच मागवली हो. मागच्या वेळी तुमची कंबर धरली होती ना? आता कपाट बोटानं सरकेल."

सुसाटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, आत्ता बसवतो," म्हणत त्यानं बाह्या सरसावल्या. साहेबांनी कपाटाचं दुसरं टोक धरलं आणि हळूच म्हणाले, "तुझ्या घरी सांगत नाही. पण आता ही गल्ली सॉफ्टवेअरला तूच शिकवायची. रोज यायचं!"

सुसाट रोज गेला. पण चाकं लागल्यामुळे सासूबाईंना असा हुरूप आला की रोज घराची नवी मांडणी! सॉफ्टवेअर मुकाट्यानं शिकत होतं.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या दारात कंपनीच्या एकूण एक गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येक ड्रायव्हरच्या मोबाइलवर एकच सूचना होती : इथे तासभर थांबा.

सुसाटचा फोन वाजला. बायकोचा होता; आईनं तिला लगेच कळवलं होतं. "अहो, माझ्या आईसाठी अख्खी कंपनी लावलीत!"

"तेवढं तर करायलाच हवं," सुसाट कसाबसा म्हणाला.

"या, या, सगळे आत या!" सासूबाई आनंदानं ओरडल्या. "आज माळा रिकामा करू या!"